भिंगाने निवडलेलं पुस्तक

माझ्या भावाला सगळे भिंग म्हणतात. चष्म्याचं दुकान आहे म्हणून नव्हे, दुकान फार नंतर आलं. शाळेतच त्याचा चष्मा इतका जाड होता की उन्हात मैदानावर गेला तर पोरं म्हणायची, बाजूला हो, गवत पेटेल. ते नाव त्याने आनंदाने अंगाला लावून घेतलं. चिडला असता तर दोन दिवसांत विसरले असते सगळे, पण चिडणं दादाला कधी जमलंच नाही. त्याच्या वाटणीचं चिडणंही माझ्याकडे आलं असावं.

दुकानाच्या पुढच्या काउंटरवर मी बसते. काड्या सरळ करणं, नाकावरच्या गाद्या बदलणं, "या फ्रेममध्ये मी म्हातारी दिसते का हो" या प्रश्नाला न हसता उत्तर देणं, ही माझी कामं. डोळे तपासतो दादा, आतल्या खोलीत. मध्ये एक जाड निळा पडदा आहे. पडदा ओढला की भिंत झाली असं आत जाणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आणि मग जे काही बोललं जातं ते मला नीट ऐकू येतं. माझी त्याला हरकत नाही.

दादाची एक रीत आहे. भिंतीवरच्या तक्त्यावर त्याचा विश्वास नाही. तक्ता वाचून घेतो, नंबर काढतो, पण जवळचा चष्मा करायचा असेल तर गिऱ्हाइकाला परत पाठवतो. "रोज जे वाचता, जे काम करता, ते घेऊन या. तक्ता वाचायला कुणी चष्मा घेत नाही." मग शिंपी सुई-दोरा घेऊन येतो, एक आजोबा शब्दकोडं आणतात, घड्याळं दुरुस्त करणारा एकदा उघडं घड्याळच रुमालात बांधून घेऊन आला होता. गिऱ्हाइकं कुरकुरतात, पण त्याचा चष्मा परत करायला कुणी आलेलं मला आठवत नाही. ही रीत त्याच्या स्वतःच्या मुळावर येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याला जमत नाही ती वाईट बातमी सांगणं. मोतीबिंदू झाला असेल तर तो म्हणतो, "जरा पिकतंय, बघू." एका बाईंना त्याने इतक्या गोड शब्दांत ऑपरेशन करा म्हणून सांगितलं की त्या बक्षीस लागल्यासारख्या बाहेर आल्या. शेवटी मीच त्यांना खुर्चीत बसवून सरळ काय ते सांगितलं.

आता खेळाबद्दल. दर रविवारी दुकान बंद असतं तेव्हा त्या आतल्या खोलीत चार माणसं टेबलाभोवती बसायची. पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. एकजण सूत्रधार. तो सांगणार, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आहात, आतून कसलासा वास येतोय." बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने म्हणणार, मी आत जातो, किंवा मी काही जात नाही बुवा. ते जमलं की फसलं हे फासे टाकून ठरणार, आणि गोष्ट पुढे सरकणार, वर्षानुवर्षं. चांगली पिकल्या केसांची माणसं गुहेत आधी कोण जाणार यावरून हमरीतुमरीवर यायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला होता. नंतर सवय झाली. पुढे पुढे तर रविवारी वर घरी चहा करायला जाताना मीच विचारायची, "सुटलात का त्या गुहेतून?"

सूत्रधार अर्थात दादा. खेळणारे तिघं. औषधाच्या दुकानाचा मालक, दादाच्या शाळेतला बाकावरचा सोबती, त्याचं पात्र एक चोर. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मॅडम, त्यांचं पात्र एक खडूस म्हातारा वैद्य, ज्याला सगळे वैद्यबुवा म्हणत. आणि तिसरा माझा नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. खेळात तो तलवारबाज होता, अंगाने दांडगा आणि डोक्याने बेताचा. त्यासाठी त्याला फारसं सोंग करावं लागत नसे.

सूत्रधार आपले फासे आडोशाला टाकतो. त्यासाठी दादाने जुन्या नजर तपासणीच्या तक्त्यांचे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून घडीचा एक पडदा केला होता. समोर बसलेल्यांना मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंत सगळ्या ओळी दिसायच्या आणि पलीकडे दादाचे फासे खुळखुळायचे. चहा द्यायला मी त्याच्या बाजूने जायची, त्यामुळे फासे मला दिसायचे. एकदा वैद्यबुवांवर वरून कडा कोसळला. फासे पडले ते असे, की म्हातारा सरळ मेलाच. दादाने फाशांकडे पाहिलं, मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "थोडक्यात वाचले. काठी मोडली फक्त." मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी कप ठेवला आणि काही न बोलता वर गेले. त्यानंतर तो म्हातारा बुडून, जळून, विष खाऊन किती वेळा मरायला हवा होता ते मला विचारा. दादाने त्याला प्रत्येक वेळी ओढून आणला.

आणि मग तो नवा खेळ बाजारात आला.

बातमी आणली औषधवाल्याने. सगळीकडे त्याचीच चर्चा, जुना खेळ आता म्हाताऱ्यांचा झाला, वगैरे. पण नव्या खेळाची एक-दोन नव्हे, ढीगभर पुस्तकं होती. खेळाडूंचं पुस्तक, सूत्रधाराचं वेगळं, राक्षसांचं वेगळं, नकाशांचं वेगळं, शिवाय नवशिक्यांसाठी एक पेटी. सगळी घ्यायची तर कुणालाच परवडणार नव्हतं. "तू निवड," औषधवाला म्हणाला. "तुझ्याइतकं बारकाईनं कोण बघणार? घाई नाही. तोवर आपला जुना खेळ थांबवू या. थोडी विश्रांती." माझा नवरा म्हणाला, "हो भाऊ, तुम्हीच निवडा." मॅडम काही बोलल्या नाहीत. मी तिथेच उभी होते आणि मला यात काहीही खटकलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

दादाने ते काम अंगावर घेतलं ते असं, की जणू वरात त्याच्याच दारातून निघणार होती. खेळण्यांच्या दुकानात नवी पुस्तकं प्लास्टिकमध्ये बंद असायची, चाळायला म्हणून एकेकच प्रत उघडी. दुपारी दुकान थोडा वेळ बंद ठेवतो तेव्हा हा डबा तसाच टाकून तिथे जायचा. तिथल्या मालकीणबाईंनी त्याच्यासाठी एक स्टूलच राखून ठेवलं. परत आला की मला सांगत बसायचा.

"सूत्रधाराचं पुस्तक म्हणजे निम्मं चित्रांनीच भरलंय गं. आणि राखाडी कागदावर तांबडी बारीक अक्षरं! कुणी छापलं असेल? चाळिशीच्या पुढच्या माणसाने वाचायचंच नाही का?"

"मग नको घेऊस."

"पण जखमांचे नियम त्यातच आहेत. आणि राक्षसांचं पुस्तक घेतलं नाही तर राक्षस कुठून आणायचे?"

"औषधवाल्याची बायको आहे की," मी म्हटलं. तो हसला नाही. तो खरोखरच राक्षसांच्या विचारात होता.

मधले रविवार असेच गेले. दादा कुणाला फोन करायचा तर औषधवाल्याकडे माल यायचा असायचा, मॅडमचे पेपर तपासायचे असायचे. माझ्या नवऱ्याची पाठ धरली होती. डॉक्टरने पोहायला सांगितलंय म्हणून तो दर गुरुवारी संध्याकाळी टॉवेल घेऊन तलावावर जायचा. दादाला वाटलं, मीच उशीर करतोय म्हणून मंडळी कंटाळली असतील. त्याने आणखी जोर लावला. शेवटी एक दिवस तो कागदात गुंडाळलेला जुडगा घेऊन आला आणि माझ्या काउंटरखाली ठेवला.

"काय घेतलंस?"

"रविवारी. सगळ्यांसमोरच," तो म्हणाला. इतका खुशीत मी त्याला फार दिवसांनी पाहत होते.

त्याच शुक्रवारी मॅडम दुकानात आल्या. वाचताना डोकं दुखतं म्हणत होत्या. दादाने तक्ता वाचून घेतला. मग नेहमीप्रमाणे म्हणाला, "रोजचं वाचायचं काही आणलंय?"

"आणलंय ना. तुमची रीत मला माहीत नाही का?" मॅडम म्हणाल्या, आणि पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. शाळेची पुस्तकं, पेपर, काय काय असतं त्यांच्या पिशवीत. "हे बघा, ही बारीक अक्षरं. यानंच डोकं उठतं."

"वाचा," दादा म्हणाला.

मॅडम वाचू लागल्या. "जखमी पात्राची ताकद शून्याच्या खाली गेली, तर पुढच्या तीन फेऱ्यांत..." त्या थांबल्या. मला वाटलं, अक्षर लागत नसेल. मग मला आठवलं, जखमांचे नियम. राखाडी कागद, तांबडी अक्षरं. ते पुस्तक अजून आमच्यापैकी कुणाकडे असायचं काहीच कारण नव्हतं; मॅडमनी न बघता पिशवीतून भलतंच काढलं होतं.

माझ्या हातात एका मुलीचा चष्मा होता, त्याचा स्क्रू मी पिळतच राहिले.

"पुढची ओळ वाचा," दादा म्हणाला.

"भिंग, मी तुम्हाला..."

"पुढची ओळ. पुस्तक जरा लांब धरता तुम्ही. इथे धरा. आता?"

मॅडमनी पुढची ओळ वाचली. त्याच्या पुढचीही वाचली. दादाने काचा बदलत सगळी तपासणी पूर्ण केली, एक पायरी वगळली नाही. पाव नंबर वाढवला. "दोन दिवसांत चष्मा मिळेल. रविवारी येताय ना? या नक्की. पुस्तकं आणलीत मी," एवढंच म्हणाला.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. फ्रेम दाखवायची म्हणून मी ट्रे पुढे सरकवला आणि हळूच विचारलं, "कधीपासून चाललंय?"

"नवा खेळ आला तेव्हापासूनच. मी म्हणत होते, त्यांना सांगू या. रोज म्हणत होते."

"आणि सूत्रधार कोण?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला उत्तर नको झालं. "तुम्हाला खरंच माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "गुरुवारी. औषधांच्या गोदामात. तुमच्याच घरचे."

मी ट्रे बंद केला. फ्रेम त्यांना मी कुठली दिली ते आठवत नाही.

संध्याकाळी नवरा घरी आला. मॅडमचा फोन त्याला आधीच गेला असणार, कारण तो चपला न काढता दारातच उभा राहिला. मी खेळाचं काही विचारलं नाही.

"टॉवेल ओला कसा असायचा?" मी विचारलं.

"अगं, ऐक तर..."

"दर गुरुवारी मी तो दोरीवर वाळत घालत होते. ओला कसा असायचा?"

"गोदामात नळ आहे," तो म्हणाला.

म्हणजे हा माणूस खेळ संपल्यावर नळाखाली टॉवेल धरायचा, पिळायचा, घडी घालून पिशवीत ठेवायचा आणि घरी येऊन मला द्यायचा. मी विचारायची, पाणी गार होतं का? तो सांगायचा, आज जरा बरं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. खोटं बोलला याचं मला इतकं लागलं नाही. त्या टॉवेलमागे जी तयारी होती तिचं लागलं.

"असं का केलंत?" मी विचारलं.

"भाऊंच्या खेळात कुणी मरतच नाही गं," तो म्हणाला. "आम्हाला कळतं की. ते खोटे फासे सांगतात. कड्यावरून पडा, आगीत शिरा, थोडक्यात वाचलात. भीतीच वाटत नाही. आणि हे त्यांना तोंडावर कोण सांगणार? त्यांना वाईट वाटलं असतं."

"आता कसं वाटलंय? छान?" मी म्हटलं. तो खाली वाकून चपला काढू लागला.

रविवारी तिघंही आले. न येण्याइतकी हिंमत त्यांच्यात नव्हती. मीही या वेळी वर गेले नाही, तपासणीच्या उंच स्टुलावर बसून राहिले. मॅडमचा चष्मा तयार होता. दादाने तो आधी त्यांना घालायला लावला, काडी कानामागे बसते का ते पाहिलं, आणि मगच जुडगा टेबलावर ठेवला. माझ्या मनात होतं, याने आता एकदा तरी आवाज चढवावा. पण तो जणू गिऱ्हाइकाला काचा समजावून सांगत होता.

"सूत्रधाराचं मोठं पुस्तक मी घेतलं नाही. निम्मी चित्रंच आहेत. राक्षसांचंही नाही. राक्षस माझे मी बनवीन म्हटलं. खेळाडूंचं एक घेतलंय, सगळ्यांत मिळून. आणि ही एक पातळ पुस्तिका आहे, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. दुकानात खालच्या फळीवर पडली होती. ती प्रत्येकाला एकेक आणली."

त्याने पुस्तिका तिघांपुढे सरकवल्या. औषधवाल्याने मुखपृष्ठ वाचलं आणि मान खाली घातली. उघड्या फाशांचे नियम होते ते. सूत्रधारानेही फासे टेबलाच्या मधोमध टाकायचे, सगळ्यांना दिसतील असे. पडेल ते खरं. आडोसा नाही.

तेव्हा माझं लक्ष गेलं. घडीचा पडदा टेबलावर नव्हता. तक्त्यांचे तुकडे पुठ्ठ्यावरून सोडवून त्याने भिंतीवर ओळीने लावून टाकले होते.

"तुम्हाला कळतं हे मला माहीत होतं," दादा म्हणाला. "आडोशाला बसलं की मला जमत नाही रे. तिकडे फासा पडतो आणि इकडे तुमची तोंडं दिसतात. समोर टाकले तर मला काही करताच येणार नाही, असं वाटलं. शिकलो असतो मी. मला नुसतं म्हणायचं होतंत."

शेवटी माझ्या नवऱ्याने घसा साफ केला. "भाऊ, तुम्हीच या ना गुरुवारी. एखादं पात्र घ्या तुम्ही पण."

"तुम्ही नवी पात्रं घेतलीत?" दादाने विचारलं.

औषधवाला पुस्तिकेचा कोपरा दुमडत होता. मॅडम म्हणाल्या, "जुनीच नेली."

हे मलाही माहीत नव्हतं. चोर, तलवारबाज, वैद्यबुवा, सगळी त्या गोदामात नेली होती, खोक्यांवर बसायला. ज्यांना या खोलीत इतकी वर्षं सांभाळलं त्यांना उचलून नेलं होतं, आणि दादा इकडे त्यांच्यासाठी पुस्तकं निवडत बसला होता.

"असं होय," दादा म्हणाला. "वैद्यबुवा कसे आहेत?"

मॅडमनी नवा चष्मा काढून हातात धरला. "गेले," त्या म्हणाल्या. "पूल ओलांडताना. तीन फेऱ्या वाट पाहिली आम्ही. हवा तो फासा पडलाच नाही."

"कधी?"

"झाला महिना."

दादा खुर्चीत मागे टेकला. त्याने तिघांकडे एकेक करून पाहिलं, माझ्या नवऱ्याकडे सगळ्यांत जास्त वेळ. त्याच्या आवाजाला कधी नव्हे तो कंप आला होता.

"महिना झाला," तो म्हणाला. "आणि मला कळवलंसुद्धा नाहीत? मी काय परका होतो? अरे, परक्यालाही कळवतात माणसं."

एवढं बोलून तो उठला, पडदा सारून बाहेर काउंटरवर गेला, आणि माझ्या जागेवर बसून एक स्वच्छच असलेली काच पुसत राहिला. ती तिघं कशी निघून गेली ते मी पाहिलं. मॅडमनी आपली पुस्तिका छातीशी धरून नेली. बाकीच्या दोन टेबलावरच राहिल्या. मी त्या उचलून कपाटात टाकल्या, कारण दादा त्या खोलीत पुन्हा गेला असता तर त्याला दिसल्या असत्या.

सोमवारी त्याने टेबल भिंतीला लावून त्यावर काचा घासायचं मशीन ठेवलं. "जागा अडत होती उगाच," म्हणाला. राग आला का म्हणून विचारलं, तर म्हणतो, "राग नाही गं. वाईट वाटतंय." हे बोलायलाही त्याला तीन दिवस लागले.

गुरुवारी संध्याकाळी माझा नवरा पायात बूट घालत होता. चोरून नव्हे, आता उघडच. भाऊंनीच फोन करून सांगितलंय, खेळ माझ्यासाठी थांबवू नका, असं तो म्हणाला. दादाने सांगितलं असेलही. त्याला दुसरं काय येतं?

"भाऊ कधीतरी येतील, असं वाटतं का गं तुला?" त्याने विचारलं.

"वैद्यबुवांना विचार," मी म्हटलं.

मग मी न्हाणीघरात गेले, त्याचा टॉवेल घेतला, नळाखाली चांगला भिजवला आणि न पिळता त्याच्या हातात दिला. तो टॉवेलकडे पाहत राहिला. पाणी त्याच्या बुटांवर ठिबकत होतं.

"जा," मी म्हटलं. "तेवढा तरी त्रास वाचला तुझा."